गुप्तहेराच्या घराचा हप्ता



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक तरुण वही घेऊन आला. दिवसभर दुचाकीवरून पार्सले पोहोचवतो आणि रात्री लिहितो. दोनशे पानी वही, तीत एक रहस्यकथा. "काका, वाचून सांगा," म्हणाला. आम्ही चार पाने चाळली. पहिल्याच पानावर लोणावळ्याचा बंगला, ओव्हरकोट घातलेला गुप्तहेर आणि चोरीला गेलेला हिऱ्यांचा हार! आम्ही वही मिटली आणि म्हणालो, "अरे, आपल्या माणसाने आपले जगणे लिहावे. हे खून-दरोडे कशाला?" पोरगा काही बोलला नाही. वही पिशवीत घातली आणि गेला. त्यानंतर तो वाचनालयाकडे फिरकला नाही.

वास्तविक असे बोलण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आम्हीही पुस्तकात पुस्तक लपवून वाचलेले. पण माणूस कार्यकर्ता झाला की त्याला उपदेशाची सवय लागते.

पुढे रद्दीवाल्याकडे एक इंग्रजी कादंबरी हाती लागली, 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस'. लेखक वॉल्टर मोस्ली, अमेरिकेतले काळे लेखक. डिक्शनरी शेजारी ठेवून महिनाभर वाचली. मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि आपण त्या पोराला किती चुकीचे सांगितले, ते कळले.

मोस्ली यांचा जन्म १९५२ साली लॉस एंजेलिस शहरात झाला. वडील लेरॉय मूळचे लुईझियानाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. तिथे त्यांनी कारकुनाचे काम केले. नंतर एका शाळेत झाडलोट आणि देखभाल करणाऱ्या कामगारांचे ते प्रमुख झाले. आई एला ज्यू समाजातल्या, त्याही कारकून. (हे वाचून आम्हाला बरे वाटले, का लपवा?) १९५१ साली दोघे लग्न करायला निघाले. कायद्याची आडकाठी नव्हती, तरीही लग्नाचा परवाना द्यायला कोणी तयार होईना. कायदा एक सांगतो आणि खिडकीमागचा माणूस दुसरेच सांगतो, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही.

मोस्ली यांची प्रेरणा म्हणजे या घरातल्या गप्पा. वडील, नातेवाईक आणि दक्षिणेतून पोट भरायला आलेली माणसे जमली की गोष्टी रंगत. कोण कुठून पळून आला, कोणाची नोकरी कशी गेली, कोणी कोणाला फसवले, सगळे निघे. पोरगा कोपऱ्यात बसून ऐके. लेखक व्हायचे मात्र त्याच्या डोक्यात नव्हते. मोठेपणी ते न्यूयॉर्कला संगणकाचे प्रोग्रॅमर झाले. तिशी उलटल्यावर एका शनिवारी ऑफिसात एकटेच असताना त्यांनी कामाच्या मधेच एक वाक्य टाईप केले, लुईझियानातल्या उकाड्याचे आणि तिथल्या मुंग्यांचे. वाक्य त्यांचे त्यांनाच आवडले. तिथून लिहिणे सुरू झाले ते थांबले नाही.

पुढे ते सिटी कॉलेजच्या लेखनवर्गाला जाऊ लागले. तिथे आयरिश लेखिका एडना ओब्रायन शिकवत. त्यांनी मोस्लींना सांगितले की तू काळा आहेस, ज्यू आहेस, गरिबीतून आला आहेस, ही तुझी श्रीमंती आहे, आता कादंबरी लिही. आम्ही आमच्या पोराला काय सांगितले होते आणि या बाईंनी काय सांगितले, पाहा.

पहिली कादंबरी 'गॉन फिशिन' एजंटांनी परत केली. काळ्यांच्या गोष्टी विकत घेऊन वाचणार कोण, हा त्यांचा सवाल. दुसरी म्हणजे 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस', ती १९९० साली निघाली. १९९२ साली बिल क्लिंटन यांनी मोस्ली हे आपल्या आवडत्या लेखकांपैकी एक असल्याचे सांगितले. १९९५ मध्ये कादंबरीवर सिनेमा आला, त्यात डेंझेल वॉशिंग्टन. परत आलेली ती पहिली कादंबरी मोस्लींनी १९९७ मध्ये छापायला दिली. तीही मोठ्या प्रकाशकाला नाही, तर बाल्टिमोरच्या 'ब्लॅक क्लासिक प्रेस' या काळ्या माणसाने चालवलेल्या छोट्या प्रकाशनाला. हे आम्हाला सिनेमापेक्षाही मोठे वाटते.

आता कथेकडे वळू. साल १९४८. ईझी रॉलिन्स हा युद्धावरून परतलेला काळा जवान. विमानाच्या कारखान्यातली नोकरी गेलेली आणि छोट्याशा घराच्या कर्जाचा हप्ता थकलेला. त्या घरावर त्याचा भारी जीव. ओळखीच्या बारमध्ये एक गोरा माणूस भेटतो आणि एका गोऱ्या बाईचा पत्ता काढायला पैसे देऊ करतो. ती बाई काळ्यांच्या वस्तीतल्या क्लबांमध्ये दिसते आणि तिथे गोऱ्याने चौकशी केली तर कोणी तोंड उघडत नाही. ईझीला मात्र लोक बोलतात. ओव्हरकोट नाही की भिंग नाही, हप्ता भरायचा म्हणून तो गुप्तहेर झाला!

आपल्या गल्लीत पोलिसांची गाडी आली की काय होते? "माहीत नाही साहेब, मी कामावर होतो." आणि तीच माणसे रात्री ओट्यावर सगळे इत्थंभूत सांगतात. रहस्यकथेचा सगळा मालमसाला त्या ओट्यावर आहे. पुढच्या 'व्हाइट बटरफ्लाय' या कादंबरीत काळ्या बायकांचे खून होतात तेव्हा पोलीस सुस्त असतात, गोरी मुलगी मेली की जागे होतात. मग हे जगणे लिहिणे नव्हे तर काय? एका भागात तर ईझी शाळेत सफाई कामगारांचा प्रमुख होतो. म्हणजे वडिलांची नोकरी लेखकाने नायकाला दिली.

लिहिण्याच्या सवयीबद्दल मोस्ली फार कडक आहेत. २००७ साली त्यांनी नव्या लेखकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. रोज लिहा, किमान दीड तास, सुट्टी नाही, असे त्यात बजावले आहे. एक दिवस खाडा झाला की मनातली गोष्ट विरू लागते. पहिला खर्डा वाईटच होतो, तो तसाच पुरा करावा, मग पुन्हा पुन्हा लिहावा. आई काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील या भीतीने हात आखडू नये. शेवटी सगळे मोठ्याने वाचून टेप करावे आणि ऐकावे, खोटे वाक्य कानाला लगेच सापडते. हे काम आता मोबाईलवर फुकट होते.

एवढेच की मोस्लींच्या पुस्तकात पाणी किती वाजता येते याचा हिशेब नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, तिथे दीड तास आणायचा कुठून? घरच्या बायांना तर अर्धा तासही अवघड. त्याचे उत्तर पुस्तकात सापडले नाही, ते आपल्यालाच शोधावे लागेल.

मागच्या रविवारी बाजारात त्या तरुणाची आई भेटली. "मावशी, वही लिहितो का तो?" विचारले. "माळ्यावर टाकलीय," म्हणाल्या. आम्ही निरोप दिला आहे, इथेही छापतो. बाळा, बंगल्याची पाने फाडू नकोस, राहू देत. पण तू रोज पार्सल घेऊन ज्या सोसायट्यांत जातोस, तिथल्या वॉचमनला काय काय ठाऊक असते ते नव्या पानावर लिही. वाचनालयाची किल्ली आमच्याकडे असते. पहाटे साडेपाच ते सात मागचे टेबल रिकामे असते, दिवाही चालू आहे.