डॉ. कीर्तने यांचा सत्कार आमच्या तालुक्यात

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे गावात कुणाला सरकारी कागद वाचून हवा असला की मला हाक येते. माझ्या धाकट्या भावाला मात्र कुणाचीच हाक ऐकू येत नाही. तो जन्मतः बहिरा आहे.

डॉ. मिलिंद कीर्तने हे नाव मी प्रथम वाचले ते त्याच्यामुळेच. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी दीर्घकाळ निगडित असलेले हे शल्यविशारद. आपल्या देशात कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया रुजविणाऱ्यांत ते अग्रणी. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेत विल्यम हाउस यांनी १९६१ साली हा खटाटोप आरंभिला होता. कानामागचे यंत्र आवाज टिपते आणि आतल्या कानातील गोगलगायीच्या शंखासारख्या पोकळीत बसविलेली बारीक तार श्रवणाच्या मज्जातंतूला विजेने जागे करते. निकामी पेशींना चक्क वळसा!

अशा माणसाचा गौरव व्हावा, याविषयी दुमत नाही. पण मित्रहो, शल्यविशारदाचा हात कितीही कुशल असो, मूल त्याच्यापर्यंत वेळेत पोचले पाहिजे. भाषा शिकण्याची मेंदूची वर्षे पहिलीच असतात. आमचा भाऊ बोलेना, तेव्हा आजी म्हणे, "पोट्टं उशिरा बोलते, याचा बापबी असाच होता." एका दिवाळीला मागे सुतळी बॉम्ब फुटला, सगळे दचकले, तो मुरमुरे खात राहिला. तरीही आम्ही आधी देवऋषी गाठला. (मीही सोबत होतो, हे कबूल केले पाहिजे.) तपासणी झाली तेव्हा तो सात वर्षांचा होता. जन्मतः बहिऱ्या मुलांना सहा लाखांपर्यंतचे यंत्र देणारी केंद्राची योजना होती, पण पाच वर्षांपर्यंतच. कोरडवाहू तीन एकरांत सहा लाख कुठून उगवणार?

तान्ह्या बाळाचा कान झोपेतच, काही मिनिटांत तपासता येतो. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात, बाळंतीण घरी जाण्यापूर्वी, ही तपासणी सक्तीची असावी. शस्त्रक्रियेनंतर मुलाला महिनोन्‌महिने ऐकायला व बोलायला शिकवणारी माणसेही यवतमाळातच मिळावीत. मजुरी बुडवून मुंबईच्या वाऱ्या कोण करणार? डॉ. कीर्तने यांचा आमच्याकडला सत्कार मी यालाच म्हणेन. शाल-श्रीफळ मुंबईकरांनी द्यावे.

येत्या रविवारी शेजारी बारसे आहे. बाळाचा कान तपासला का, असे मी विचारणार आहे. आजी रागावेल. रागावो.