आसन्नप्रसवेची लक्षणे : औषधापूर्वीचे निदान

गर्भिणीपरिचर्येविषयी आपल्या परिषदांतून व नियतकालिकांतून पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. मासानुमासिक पथ्य, नवव्या मासातील अनुवासन बस्ती, योनिपिचू, पुढे सूतिकेसाठी दशमूलारिष्ट, यांपैकी कोणत्याही विषयावर व्याख्यान द्यावयास आपल्यापैकी कोणीही वैद्य सहज उभा राहील. मात्र प्रसव सुरू होत आहे किंवा नाही, हे ठरविण्याचा जो मधला काळ असतो, त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. प्रसूती आता रुग्णालयात होते, तेव्हा हा प्रश्न आपला उरलेला नाही, असे आपण मनोमन ठरवून टाकले आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रसूती रुग्णालयात होते हे खरे. परंतु पहिली विचारणा आपल्याच दारी होते. “रात्रीपासून कंबर भरून आली आहे”, “पोटात वात धरला आहे, एखादा काढा द्या”, असे म्हणत गर्भिणीची सासू किंवा पती औषधालयाच्या फळीसमोर उभा राहतो आणि गर्भिणी घरीच असते. पहिलटकरीण माहेरी आलेली असते व तिची तपासणीची कागदपत्रे अनेकदा सासरीच राहिलेली असतात. ऊसतोडीच्या टोळीतील स्त्री तर घरापासून शेकडो कोस दूर, कोपीत असते. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर आपल्याच पदवीचे अनेक वैद्यबंधू-भगिनी काम करीत आहेत. अशा स्थितीत आसन्नप्रसवेचे निदान हे आपले काम नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपले ग्रंथ या बाबतीत अत्यंत सावध आहेत. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गात्रांचा क्लम, मुखाची ग्लानी, नेत्रांचे शैथिल्य, वक्षाचे बंधन सुटल्यासारखे वाटणे, कुक्षी खाली उतरणे, अधोभागी जडपणा, वंक्षण-बस्ती-कटी-पार्श्व-पृष्ठ येथे टोचल्यासारखी वेदना, योनिस्राव आणि अन्नाची अनिच्छा अशी लक्षणे सांगून त्यानंतर आवींचा प्रादुर्भाव व गर्भोदकाचा स्राव सांगितला. सुश्रुताचार्यांनी तर प्रजायिनी आणि उपस्थितप्रसवा अशा दोन अवस्था निरनिराळ्या वर्णिल्या. दुसरीत कटी व पृष्ठाकडे सर्व बाजूंनी वेदना, वारंवार मलप्रवृत्ती, मूत्रस्राव आणि योनिमुखातून श्लेष्मस्राव ही लक्षणे आहेत. वाग्भटांनी योजिलेला ‘अद्यश्वःप्रसवा’ हा शब्द तर व्यवहाराच्या फारच जवळचा आहे. आज नाही तर उद्या!

यातील बारकावा असा, की ‘वारंवार शौचाला जावेसे वाटते’ ही तक्रार सुश्रुतांनी प्रसवाच्या लक्षणांत गणली आहे आणि आपण मात्र तिच्यावर कुटजारिष्टाची बाटली देऊन मोकळे होतो.

खऱ्या आवी आणि लोकभाषेतील खोट्या कळा यांतील भेद प्रश्नांनीच कळतो. खोट्या कळा अनियमित असतात. कूस बदलली, थोडे चालले, पाणी पिऊन विश्रांती घेतली की शमतात. आवी शमत नाहीत. त्यांच्यातील अंतर कमी होत जाते, प्रत्येक कळेचा काळ व जोर वाढतो, वेदना बहुधा कमरेतून निघून पुढे ओटीपोटाकडे येते, आणि कळेच्या वेळी पोटावर हात ठेवल्यास ते दगडासारखे घट्ट लागते. रक्तमिश्रित चिकट स्राव ही जवळ येण्याची खूण आहे, परंतु तो प्रसवापूर्वी काही दिवसही दिसू शकतो. पोट उतरण्याचेही तसेच. पहिलटकरणीत ते दोन-तीन आठवडे आधी उतरते, पुढच्या खेपांना पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच. ग्रंथातील क्रम हा सामान्य क्रम समजावा. पाणमोट कळांच्या आधीच फुटली, तर तो क्रम मोडला म्हणून वाट पाहत बसू नये. अशा स्त्रीला, कळा असोत वा नसोत, रुग्णालयातच पाठवावे.

पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे, असा नियम रुग्णालयांत सांगितला जातो. रुग्णालय गल्लीच्या टोकाला असेल तर तो ठीक आहे. चाळीस किलोमीटरवरच्या वाडीतील, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या किंवा पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीने त्याची वाट पाहू नये.

आता या लेखाचा खरा मुद्दा. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी हीच लक्षणे दिसली, तर त्यांचा अर्थ पालटतो. गतवर्षी ३३ आठवड्यांची एक गर्भिणी माझ्याकडे आली. आदल्या सायंकाळी तिच्या घरच्यांनी एका औषधालयातून कंबरदुखीसाठी वातशामक गोळ्या व लावण्यास तेल नेले होते. विक्रेत्याने महिना विचारला नव्हता. तपासता दर दहा मिनिटांनी गर्भाशय आकुंचन पावत होते. तिला तत्काळ जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले, परंतु मधली रात्र निघून गेली होती. ३४ आठवड्यांच्या आत अकाली प्रसवाची शक्यता दिसल्यास अर्भकाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून मातेस स्टिरॉइडची सूचिका देतात आणि तिचा पूर्ण लाभ मिळण्यास सुमारे एक दिवस लागतो. वाया गेलेली रात्र म्हणजे नेमका तोच दिवस. आपल्या गोळ्यांनी तिला अपाय झाला असे कोणी म्हणणार नाही. त्या गोळ्यांनी वेळ घेतला, हा दोष त्याहून लहान नाही.

असेच अम्लपित्ताचे. सातव्या-आठव्या महिन्यानंतर उरःशूल, छातीखाली उजवीकडे दुखणे व उलटी यांवर कामदुधा, सूतशेखर देण्यापूर्वी रक्तदाब मोजलाच पाहिजे. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि चेहऱ्यावर सूज असेल तर ती आक्षेपकाची पूर्वसूचना असू शकते.

नवव्या मासातील पिचू व बस्तीविषयी मतभेद होतील, तरीही लिहितो. या उपक्रमांवर माझी श्रद्धा आहे व मी ते करतो. परंतु अपरा खाली आहे किंवा नाही, हे सोनोग्राफीच्या कागदावर पाहिल्याशिवाय, आणि पाणी जात नाही ना, हे विचारल्याशिवाय पिचू ठेवणे सर्वथा अयोग्य आहे. रक्तस्राव असताना योनिपरीक्षणही करू नये. ‘दिवस भरले, आता एरंडतेल घ्या’ हा सल्लाही थांबला पाहिजे. गर्भिणीस विरेचन आपल्या शास्त्राने निषिद्ध मानले आहे; अतिसाराच्या मुरड्यांत आवी ओळखणे कठीण होते, आणि पूर्वी सिझेरियन झाले असल्यास प्रसव असा ढकलणे धोक्याचे असते. कळा मंद असता मुसळाने धान्य कांडावयास लावावे, हे मत चरकाचार्यांनी अमान्य करून चंक्रमण सुचविले, हे येथे स्मरते. आवी आल्या नसता प्रवाहण करू नये, असेही त्यांनी बजावले आहे. घाई करणारे त्या काळीही होते म्हणावयाचे.

एक लोकसमज मात्र तातडीने पुसला पाहिजे. ‘बाळंतपण जवळ आले की बाळ शांत होते’ असे घरोघर सांगितले जाते. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली असेल, तर ती तपासणीची निकड आहे, शुभचिन्ह नव्हे. गर्भोदक हिरवट असणे, ताजा रक्तस्राव होणे, यांतही एक पुडीसुद्धा न देता १०८ ला दूरध्वनी करावा.

औषधालयचालक बंधूंना माझी विनंती साधी आहे. प्रजननक्षम वयातील स्त्रीसाठी पोटदुखी, कंबरदुखी वा जुलाबाचे औषध मागितले गेले, की कितवा महिना, हे प्रथम विचारावे. उत्तर सहाव्या महिन्यापुढचे असल्यास कळा थांबून थांबून येतात का, पाणी किंवा रक्त गेले का, बाळ हलते का, एवढे विचारून मगच फडताळाकडे वळावे. आपल्या संघटनेने हे प्रश्न मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक सभासदाच्या दुकानात लावण्यासाठी द्यावेत, अशी सूचना मी आगामी सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. त्याच कागदाच्या पाठीवर रुग्णालयास द्यावयाच्या चिठ्ठीचा नमुना असावा : गर्भाचे आठवडे, कळा कधी सुरू झाल्या, पाणी किती वाजता गेले, पूर्वी शस्त्रक्रिया झाली का, आणि आपण कोणते औषध किती मात्रेत दिले. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये. काही दिले नसल्यास तसे लिहावे.