आपलंच आपल्याला वाचता येत नाही

उर्दूतून मराठीत गालिब आला, फैज आला, मंटो तर कितीतरी वेळा आला. चांगलंच झालं. पण या पुस्तकांवर वाढलेल्या मराठी वाचकाला मुसलमान म्हटलं की लखनौ, लाहोर, कोठा आणि फाळणी आठवते. सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, घरात ‘नक्को’ म्हणणारा दखनी मुसलमान त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही.

वाईट याचं वाटतं की आपले काही नवे लेखकही त्याच चित्राबरहुकूम लिहू लागलेत. १९४८ची पोलीस ॲक्शन शेजारच्या उस्मानाबाद-गुलबर्ग्यात झाली. घराघरांत तिच्या गोष्टी आहेत. त्या सोडून आपला पोरगा अमृतसरच्या आगगाडीवर कथा लिहितो. ‘दर्द’ आणि ‘तनहाई’ पेरली की कथा मुस्लिम झाली, अशी त्याची समजूत. भाषांतर वाचकाला घडवतं तसं लेखकालाही घडवतं. म्हणून कशाचं भाषांतर होतं आणि कशाचं होत नाही, हे ठरवणारा खरा सत्ताधारी असतो.

आता उलट दिशा पाहा. १९९० साली याच शहरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठी ही आमचीही भाषा आहे, हे आपण ठणकावून सांगितलं. कुणाला? मराठीवाल्यांना. उर्दू वाचणाऱ्या आपल्याच भाऊबंदांना ते लेखन उर्दूत किती दिलं? शाहीर अमर शेख बार्शीचे, आपल्याच जिल्ह्यातले. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’चं इंग्रजी दिलीप चित्र्यांनी केलं. दलवाई पटोत न पटोत, पण त्यांच्याशी भांडायला तरी त्यांना वाचावं लागेल ना? उर्दू माध्यमातल्या किती मुलांच्या हातात यातलं काही पडतं?

‘मुलं शाळेत मराठी शिकतातच की’, हे उत्तर मला नेहमी मिळतं. मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून सांगतो: परीक्षेपुरती मराठी वेगळी आणि उशाशी पुस्तक घेऊन झोपण्याची मराठी वेगळी. पहिलीतून दुसरीकडे जायला पूल लागतो.

आयर्लंड मुंबईपेक्षा कमी वस्तीचा देश. डब्लिनच्या शॉचं ‘पिग्मॅलियन’ पु. लं.नी ‘ती फुलराणी’ करून आपल्या घरात आणलं. त्या देशात १९९४ पासून एक संस्था परदेशी प्रकाशकांना आयरिश पुस्तकांच्या भाषांतरासाठी अनुदान देते. पण त्याच देशात मार्टिन ओ कायन यांची आयरिश भाषेतली गाजलेली कादंबरी १९४९ला आली आणि तिचं इंग्रजी भाषांतर छापून यायला २०१५ उजाडलं. म्हणजे फक्त इंग्रजी वाचणाऱ्या आयरिश माणसाला स्वतःच्या देशाचं पुस्तक वाचायला सहासष्ट वर्षं लागली. जगात पोचणं आणि घरात पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याला इंग्रजीची ओढ आहे, पारितोषिकांची आहे. घराची नाही. सोलापुरात मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड एकाच गल्लीत बोलल्या जातात. दखनीने तर ‘नको’ आणि जोर देणारा ‘च’ मराठीतून कधीच उचललाय. बोलणाऱ्यांनी आपलं काम केलं. लिहिणारे मागे राहिले.

म्हणून मागणी साधी आहे. संमेलनाच्या मंडपावर, हार-शालींवर खर्च होतो, त्यातला एक वाटा दरवर्षी दोन पुस्तकांसाठी ठेवा: एक मराठीतून उर्दूत, एक उर्दूतून मराठीत, आणि दोन्ही दख्खनची. भाषांतर करणाऱ्याला मानधन द्या, मुखपृष्ठावर त्याचं नाव छापा. दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक इथे आहेत. त्यांना सत्कार नको, काम द्या.