उजवीकडची खिडकी

मुंबईहून गोव्याकडे निघालेली स्लीपर कोच पहाटेच्या अंधारात हातखंबा तिठ्यावर जेमतेम दोन मिनिटं थांबते. रत्नागिरीला पहिल्यांदाच येणारा पाहुणा डोळे चोळत उतरतो, रिक्षावाल्याशी घासाघीस करतो आणि लॉजवर जाऊन पुन्हा आडवा होतो. रात्रभर कोकणातून आला. पाहिला काय, तर खिडकीचा पडदा.

दोष पडद्याचा एकट्याचा नाही. दिवसा आलं तरी महामार्गावरून रत्नागिरीपर्यंत समुद्र दिसत नाही. तो रस्ता बराच आतून, डोंगरांतून जातो. रेल्वेचंही तेच. २०१७ मध्ये दादर-मडगाव जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लागला. नद्या, दऱ्या मनसोक्त दिसतात. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात मात्र व्हिस्टाडोमवाला आणि जनरलवाला सारखेच.

समुद्राच्या सोबतीनं शहरात शिरायचं, तर गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीची एसटी धरावी. निवळीमार्गे जाणारी नव्हे, हे कंडक्टरला विचारूनच चढावं आणि उजवीकडची खिडकी पकडावी. भंडारपुळे, नेवरे मागे पडतं, सुरूची झाडं येतात, गाडी घाट चढू लागते आणि वळणावर खाली अख्खा किनारा उघडा पडतो. नवखे मोबाइल काढतात. रोजच्या बायका पाटी पायांत घट्ट धरून डुलक्या घेतात. साखरतरच्या पुलावर खाडीचा आणि सुक्या मासळीचा वास आत येतो. शहर जवळ आल्याची खूण तीच.

ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथं नजरकैदेत आणलं, तेही बोटीनं. म्हणजे कैद्यालासुद्धा रत्नागिरी आधी समुद्रावरून दिसली!

मग सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला का नाही? रेवस-रेडी सागरी महामार्गाची चर्चा दशकानुदशकं चालू आहे. त्याचे खाड्यांवरचे सगळे पूल होतील तेव्हा होतील. दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेरीबोटी आजही गाड्या पलीकडे नेतात. दापोलीहून सकाळी निघून दोन्ही खाड्या ओलांडत, गुहागरला जेवणाचा थांबा घेऊन संध्याकाळी रत्नागिरीत पोचणारी एक बस सुरू करायला हवी. गाडी फेरीवर चढत नसेल, तर प्रवाशांनी उतरून पलीकडे दुसरी गाडी धरावी. वेळ जाईल, हे खरं. ज्याला कोर्टाची तारीख गाठायची आहे, त्यानं महामार्गानं जावं. या गाडीच्या पाटीवर फक्त ‘आरे-वारेमार्गे’ एवढं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं आणि काचा पुसलेल्या असाव्यात.