कापसाचा भाव आणि मटक्याचा आकडा

यवतमाळ जिल्ह्यात वरली मटक्याच्या अड्ड्यावर छापा पडला, ही बातमी कोणास नवी नाही. सट्टापट्टी लिहिणारे दोघे-चौघे पकडले जातात, थोडी रोकड जप्त होते आणि गरिबांच्या व्यसनाधीनतेवर प्रवचने झडतात. परंतु हा जुगार मुळात कापसाच्या पोटी जन्मला, याचे स्मरण पांढऱ्या सोन्याच्या या जिल्ह्याने तरी ठेवले पाहिजे.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होणारा भाव मुंबईस येई आणि त्याच्या अंकांवर पैसे लागत. 1960 च्या दशकारंभी हा आधार तुटला. तेव्हा 1962 साली कल्याणजी भगत याने व 1964 साली रतन खत्री याने आपलेच आकडे काढण्यास प्रारंभ केला. चिठ्ठ्या मडक्यातून निघत म्हणून 'मटका' हे नाव पडले. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. कापूस गेला, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र राहिले.

खेळाचा नियम सोपा आहे. तीन पत्ते काढावयाचे व त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक धरावयाचा. तिर्री, पंजा आणि छक्की निघाली तर बेरीज चौदा, म्हणून ओपन चार. दुसऱ्या सोडतीत क्लोज दोन आला तर जोडी बेचाळीस. एका अंकावर साधारणतः रुपयाला नऊ आणि जोडीवर नव्वद रुपये मिळतात. परंतु अंक दहा आहेत आणि जोड्या शंभर. म्हणजे पत्ते प्रामाणिकपणे काढले तरी शंभरातील दहा रुपये मालकाचेच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मद्यगृहांत चालणाऱ्या 'फारो' या पत्त्यांच्या खेळात एका फेरीचे दोन्ही पत्ते सारख्या मोलाचे निघाले, तरच त्यावरील निम्मी रक्कम मालक घेई. लबाडी वगळली तर तो खेळ मटक्याहून कितीतरी सौम्य होता.

मग मजूर का खेळतो? तो गणित चुकतो म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. रोजंदारीतून मुलीचे लग्न वा सावकाराचे देणे कधीच भागणार नाही, हे गणित त्याला अचूक समजलेले असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे जीवन तर पाऊस आणि भाव या दोन सोडतींवरच चालते. 1972 साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने त्यांपैकी एक सोडत बंद करण्याचा यत्न केला. पुढे ती योजनाही मोडीत निघाली.

याचा अर्थ मटक्याचे समर्थन करावे असा नव्हे. तो गरिबाच्याच घरातील भाकर पळवितो, आणि तिची झळ प्रथम स्त्रियांना व मुलांना लागते. परंतु 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्ड्यांवर छापे घालणाऱ्या शासनानेच 1969 पासून स्वतःची लॉटरी विकली, हेही विसरता येत नाही. 2025 साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो योग्यच झाला. तथापि कापसाला हमीभावाने खात्रीची खरेदी, वेळेवर पीककर्ज आणि वर्षभर काम मिळाल्याखेरीज केवळ छाप्यांनी अड्डे उठणार नाहीत. ते या गल्लीतून त्या गल्लीत जातील एवढेच.