मुलींच्या बाटल्या भरलेल्याच राहतात

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची अभ्यासिका सकाळी सातला उघडते. तलाठी भरती, पोलिस भरती, एमपीएससी, बँक, जी जाहिरात निघेल तिची पुस्तकं टेबलांवर दिसतात. मी इथली ग्रंथपाल. संध्याकाळी खिडक्या लावत फिरताना एक गोष्ट वर्षानुवर्षं नजरेला यायची. मुलांच्या पाण्याच्या बाटल्या दिवसभरात दोन-तीनदा भरून पुन्हा रिकाम्या झालेल्या असायच्या. मुलींच्या बाटल्या मात्र सकाळी घरून आणल्या तशाच, गळ्यापर्यंत भरलेल्या. ऐन वैशाखातसुद्धा. मुली पाणी पीत नव्हत्या, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं आणि जायला जागा नव्हती.

कागदावर जागा होती. इमारत झाली तेव्हाच जिन्यामागे शौचालय बांधलेलं होतं. त्याच्या आतल्या कडीचा खिळा निघालेला, वरच्या टाकीपर्यंत पाइप पोचलेलाच नव्हता, आणि दारात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले. कुलूप लावून किल्ली शिपाईदादांकडे दिलेली. म्हणजे ज्या मुलीला जायचं तिनं पन्नास मुलांच्या देखत उठायचं, किल्ली मागायची, गठ्ठे सरकवायचे आणि बादली भरून न्यायची. कुठलीच मुलगी हे करत नाही. ती सकाळचा चहा सोडते, डब्यातलं ताक परत नेते आणि सायंकाळी सहाच्या गाडीनं गावी जाईपर्यंत कळ सोसते.

पुढं काय होतं ते आमच्या आशाताईंना विचारावं. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप. पाणी कमी पिणं आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवणं यानं जंतुसंसर्गाला वाव मिळतो, मुतखड्याचा धोकाही वाढतो. पाळीच्या दिवसांत तर पॅड बदलायलाच जागा नसते, म्हणून कितीतरी मुली ते चार दिवस अभ्यासिकेत येतच नाहीत. महिन्यातले चार दिवस धरले तर भरतीची तयारी करणाऱ्या मुलीचे वर्षाला दीड महिन्याहून जास्त दिवस बुडतात, आणि गुणवत्ता यादीत एका गुणानं मागं पडलेली मुलगी स्वतःलाच दोष देत बसते. आमच्याकडच्या एका मुलीला ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावावं लागलं. औषधानं ती बरी झाली आणि पुन्हा त्याच खुर्चीत, तशीच भरलेली बाटली घेऊन बसायला लागली. त्या दिवशी आशाताई मला म्हणाल्या, “मॅडम, गोळ्या मिळतील हो, पण गोळ्या खाऊन ही परत इथंच बसणार ना? आणि माझं म्हणाल तर मीसुद्धा सकाळपासून गेलेली नाही.”

घरोघर फिरून आरोग्य सांगणारी बाई स्वतः दिवसभर कोंडून घेते, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तिथूनच माझं मत पक्कं झालं. वाचनालय, आरोग्य आणि स्वच्छता ही कामं सरकारदरबारी तीन निरनिराळ्या खात्यांत बसतात. ग्रंथालयं उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे, उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, सार्वजनिक शौचालय नगरपंचायतीकडे. तिन्हीकडे बांधकामाला पैसे मिळतात, कोनशिला बसते. मिळत नाहीत ते रोजच्या चालवण्याला. पाण्याचं बिल, फिनेल, गेलेला बल्ब, तुटलेली कडी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रोज ती जागा साफ करणाऱ्या माणसाचा पगार. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र, दरवर्षीचा आणि हक्काचा असल्याशिवाय यातली कुठलीही सेवा लोकांपर्यंत पोचणार नाही.

ग्रंथालयांपुरतं बोलायचं तर महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं परिरक्षण अनुदान मिळतं, तेही हप्त्यांनी. २०२२ साली या अनुदानात ६० टक्के वाढ झाली आणि ती दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर झाली, म्हणून आम्ही सगळ्यांनी तिचं मनापासून स्वागत केलं. पण अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर जातो आणि उरलेल्या निम्म्यात ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रं, बांधणी, वीजबिल, दुरुस्ती असं सगळं बसवायचं असतं. गावातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयानं त्यातून सफाईसाठी बाई कशी ठेवायची? तिथला ग्रंथपालच इतक्या तुटपुंज्या मानधनावर असतो की तो दुसरीकडे काम करून उरलेल्या वेळात कुलूप उघडतो.

मद्रासच्या १९४८ च्या ग्रंथालय कायद्यात आणि कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद आहे. घरपट्टीबरोबर थोडी रक्कम ग्रंथालयासाठी जमा होते. महाराष्ट्रानं तो कर घेतला नाही. कर नको म्हणणाऱ्यांची बाजू मला समजते. तरी मला तो हवासा वाटतो, कारण ज्यानं वाचनालयासाठी पैसे भरले तो नळाला पाणी का नाही म्हणून विचारायला येतो, आणि असा विचारणारा माणूस आम्हाला हवाच आहे.

चालवण्याच्या खर्चात लोकांचा वाटा असणं आपल्याकडे नवं नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं. लाकडी पेट्यांमधून पुस्तकं खेड्यापाड्यांत फिरत असत, हे पुष्कळांना माहीत आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती पैशाची रीत. गावकऱ्यांनी वर्षाला ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच भर प्रांत पंचायतीनं आणि तेवढीच सरकारनं घालायची. तिघांचाही वाटा दरवर्षीचा, त्यामुळे उद्‌घाटनानंतर वाऱ्यावर सोडण्याचा प्रश्नच नव्हता. गाडगेबाबांच्या हातातला झाडू आपण चित्रांत पाहतो. पण बाबांनी बांधलेल्या धर्मशाळा नीट पाहाव्यात. बाबा धर्मशाळा बांधून थांबले नाहीत, त्या चालवण्यासाठी विश्वस्त नेमले, स्वतःकडे काही ठेवलं नाही. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. बाबांना जाऊन सत्तरएक वर्षं होत आली.

आमच्या जिन्यामागच्या शौचालयाचं पुढं काय झालं, तेही सांगते. कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा सगळ्यांचं मत पडलं की नव्या फरशा बसवाव्यात, बाहेरून रंग द्यावा. मी विनंती केली की आधी अभ्यासिकेतल्या तीन मुलींना आत उभं करून विचारू. त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन त्यांनी जे सांगितलं त्यात फरशीचा उल्लेखही नव्हता. आतून घट्ट बसणारी कडी. ओढणी आणि पर्स अडकवायला खुंटी, कारण ओल्या जमिनीवर ती ठेवता येत नाही. खिडकीची तावदानं धुरकट. झाकणाचा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले तुकडे, पॅड गुंडाळायला. पायांनी उघडता येणारं झाकण असेल तर फार बरं. बल्ब आतून लावता यावा. आणि दार जिन्याकडून न ठेवता मुलींच्या खोलीकडून उघडावं, म्हणजे उठून जाताना सगळ्या अभ्यासिकेला कळणार नाही.

दार फिरवायला गवंड्याला दोन दिवस लागले. नळजोडणीला मात्र कितीतरी अर्ज करावे लागले. पाचशे लिटरची टाकी आमच्याच अभ्यासिकेतून पोलिसात लागलेल्या एका मुलीनं दिली. सफाईला एक मावशी दिवसातून दोनदा येतात, आणि अभ्यासिकेच्या शुल्कातून त्यांचा पगार दर महिन्याच्या पाच तारखेला बाजूला काढला जातो. पुस्तकांच्या बिलाआधी. यावर कार्यकारिणीत कुरबुर झाली, पण मी ठाम राहिले. कुलूप काढून टाकलं. पितळी तोटी दोनदा चोरीला गेली, आता प्लास्टिकची आहे. काही दिवस घाण व्हायची, तेव्हा मुलींनीच आपसात पाळी लावून लक्ष ठेवलं. आज बाटल्या रिकाम्या होतात.

एवढ्यावर मी समाधान मानू शकत नाही, कारण हे सगळं शुल्क, देणगी आणि आमची चिकाटी यांवर उभं आहे. उद्या मी निवृत्त झाले, मुली बदलल्या, तर ते टिकेल याची हमी नाही. आणि गावात फक्त आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीच राहत नाहीत. बुधवारच्या आठवडी बाजारात भाजी विकायला येणाऱ्या बायका पहाटे चारला घर सोडतात. बसस्थानकावर पुरुष भिंतीच्या आडोशाला फुकट मोकळे होतात आणि बाईला मात्र पाच रुपये मोजावे लागतात, मोफत असल्याचा फलक डोक्यावर असतानाही. बाजाराच्या दिवशी आमचं शौचालय या बायकांना खुलं करायचं आम्ही ठरवलं तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला की वाचनालयाचं गांभीर्य जाईल. मला ते पटलं नाही. आता बुधवारी आशाताई आणि उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई आमच्या बालविभागात एक टेबल टाकून बसतात, रक्तदाब बघतात, हिमोग्लोबिन तपासतात. ज्या बायका उपकेंद्राची पायरी चढायला वेळ नाही म्हणायच्या त्या हात-पाय धुऊन सहज बसतात. त्यांच्याबरोबरची पोरं चित्रांची पुस्तकं चाळतात, त्यांतल्या काहींची आता कार्डं आहेत.

मोठ्या शहरांबाबत निदान न्यायालयानं तरी आवाज उठवला. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालली. पुण्यातल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित प्रसाधनगृहं उभारायचे आदेश दिले. तालुक्याची गावं, नगरपंचायती, ग्रामपंचायती यांच्यासाठी तितकाच स्पष्ट नियम हवा, आणि त्यात नुसती संख्या नको, पाणी, कडी, उजेड आणि सफाईची जबाबदारी लिहिलेली हवी. ग्रामपंचायतींना पैसा अजिबात नाही असंही नाही. १५ व्या वित्त आयोगानं ग्रामीण स्थानिक संस्थांच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठरवला. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे १० टक्के खर्च करायचे असतात. गावच्या वाचनालयातल्या मुलींच्या शौचालयाला पाणी देणं आणि ते साफ ठेवणं या दोन्हींत चपखल बसतं. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सरपंचांनी ते आराखड्यात लिहायला हवं.

देखरेखीचीही एक चांगली वाट महाराष्ट्रानं स्वतःच पाडलेली आहे. २००७ पासून पुणे, अमरावती, नंदुरबार अशा पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या समितीनं उपकेंद्राचं, प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि मग जनसुनवाईत सगळ्यांसमोर अधिकाऱ्यांनी त्यावर उत्तर द्यायचं. औषध होतं का, डॉक्टर हजर होते का, पैसे मागितले का, असे साधे प्रश्न. जी बाई कधी सरकारी कचेरीत बोलली नव्हती ती माइकसमोर उभी राहून विचारायची. हीच पद्धत वाचनालयाला आणि शौचालयाला लावता येते. वाचनालय ठरल्या वेळी उघडलं का, पाणी होतं का, कडी लागते का, साफ करणाऱ्या मावशींना या महिन्याचा पगार मिळाला का. हे प्रगतिपुस्तक भरणाऱ्यांत निम्म्या तरी मुली आणि बाजारातल्या बायका असाव्यात. ग्रंथालयाच्या वार्षिक तपासणीच्या तक्त्यातही हे रकाने असावेत, दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवहीच्या बरोबरीनं.

आम्ही आमच्या नगरपंचायतीकडे अर्ज तयार केला आहे. वाचनालयाच्या शौचालयाची पाणीपट्टी माफ करावी, सफाईचा पगार नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा, आणि बाजारपेठेत स्त्रियांसाठी दुसरं शौचालय बांधण्याआधी ते कोण चालवणार हे ठरावात लिहावं. अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीत होते. आपल्या गावच्या वाचनालयात जे जातात त्यांनी या महिन्यात एकदा तिथलं शौचालय उघडून बघावं, आणि जे दिसेल ते त्या सभेपूर्वी लेखी द्यावं.