वेगाचे मर्म मांडणीत

गणकयंत्र मंदावले की नवे घ्यावे, हा समज मला अपुरा वाटतो. मुख्य स्मृतीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसर खोळंबतो. म्हणून त्याच्यालगत ‘कॅश’ ही लहान, शीघ्र स्मृती असते. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली अशा स्मृतीचे विवेचन केले; १९६८ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या ३६०/८५ यंत्रात ती आली.

आज कॅशमध्ये माहिती बहुधा ६४ बाइटांच्या सलग तुकड्यांनी येते. सी भाषेत कोष्टक आडव्या ओळींनी साठवले जाते. ओळीने बेरीज केल्यास तुकड्यातील सर्व आकडे कामी येतात; प्रचंड कोष्टकाची उभ्या रकान्यांनी केल्यास बहुतेक वाया जातात व तेच काम कित्येक पट रेंगाळते.

विद्यार्थ्यांनो, यंत्राला दोष देण्यापूर्वी आपली मांडणी तपासा. नवे यंत्र ज्यांना परवडत नाही, त्या घरच्या मुलांना तर हे अगत्याने शिकवले पाहिजे.